दार लावून शिजवलेली रक्ती

माय,

तुला हे कळलं असतं तर तू पहिल्यांदा हेच विचारलं असतंस, की बाई, तिथं तुला बोलावलं होतं कुणी? कुणीच बोलावलं नव्हतं. मी आपण होऊन गेले. पोरांना मराठी शिकवणारी, केस पांढरे व्हायला लागलेली बाई, चांगली चालत गेले आणि घाणीत पाय घालून परत आले. नवरा म्हणतो, झालं ते झालं, सोडून दे. शाळेत हा विषय काढायची सोय राहिली नाही. म्हणून तुला सांगते. तू गेलीस तेव्हा आपल्याकडं साधा फोन नव्हता, त्यामुळं सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल.

शाळा बंद होती त्या महामारीच्या काळात मी ब्लॉग सुरू केला. म्हणजे कॉम्प्युटरवर आपलं लिहिलेलं मांडून ठेवायची एक जागा, कुणीही यावं, वाचावं, जावं. त्यात मी आपल्या घरात काय शिजायचं ते लिहीत होते. मन्नाएखेळ्ळीच्या त्या पत्र्याच्या खोलीत तू उकिडवी बसून कण्या ढवळतेस, हुलग्याच्या माडग्याला वरून लसूण देतेस, मिरची तव्यावर टाकली की आम्ही दोघं भावंडं खोकत बाहेर पळतो आणि तू आतून हसतेस. असलंच सगळं. वाचायला उदगीरची एक मैत्रीण होती, पुण्याचा मावसभाऊ होता, आणखी चार-दोन माणसं असतील. मला तेवढ्यानं बरं वाटायचं. खरं सांगायचं तर सुरुवातीला वाटायचं, नंतर वाटेनासं झालं. इतकं मन लावून लिहायचं आणि पाच माणसांनी वाचायचं, हे मनाला लागायला लागलं.

आमच्या शाळेत गणिताचे एक सर आहेत. बीदरच्या जुन्या, खाऊन-पिऊन सुखी घरातले. मधल्या सुट्टीत आम्ही शेजारी बसून जेवायचो आणि माझ्या डब्यातली भाजी ते न विचारता घ्यायचे. अंबाडीवर तर त्यांचा फार जीव. एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुकान बोळात मांडून बसलाव. गिऱ्हाईक यावं कुठून? हायवेला या की." हायवे म्हणजे फोनमधलं एक ठिकाण. तिथं लाखो माणसं दोन-दोन, चार-चार ओळी लिहून टाकत असतात, जास्त लिहूच देत नाहीत. तिथं आपल्या लेखाचा एक तुकडा टाकायचा, खाली ब्लॉगचा पत्ता द्यायचा, की लोक तिकडून इकडं येतात, असं सरांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या मागं तिथं हजारो माणसं होती. त्यांनीच स्टाफरूममध्ये माझ्या फोनवर खातं उघडून दिलं. फोटो मागितला तेव्हा मी तुझा लावला. तोच, स्टँडवर शेंगांची पाटी डोक्यावर घेऊन उभी आहेस आणि धाकटा तुझा पदर धरून कॅमेऱ्याकडं रागानं बघतोय तो. आपला तो एकच फोटो आहे. धाकट्याच्या घरीही तोच मोठा करून भिंतीवर लावलेला आहे.

पहिल्या आठवड्यातच मला किळस यायला लागली होती, हे मुद्दाम सांगते, म्हणजे मला काही कळत नव्हतं असं तुला वाटू नये. तिथं सगळे एकमेकांना म्हणतात, मी तुमच्या मागं येतो, तुम्ही माझ्या मागं या. कुणी कुणाचं वाचत नाही. सकाळी उठल्या-उठल्या गुलाबाचे फोटो आणि सुविचार. एकजण रोज कुणाच्या तरी मरणाची बातमी टाकून हात जोडायचा आणि त्याच्याच खाली आपल्या प्लॉटची जाहिरात करायचा. माझ्याकडं आलेला पहिला माणूस वजन कमी करायची पावडर विकणारा निघाला. सरांनी सांगितलं, दुसऱ्यांचं कौतुक करा, मग ते तुमच्याकडं बघतील. मी केलं. न वाचता "वा, अप्रतिम" लिहिलं, इतक्या जणांना लिहिलं की नंतर एका बाईनं आपला सासरा वारल्याचं कळवलं होतं तिथंही माझा अंगठा "वा" लिहून मोकळा झाला. ते मी लगेच पुसलं.

तेव्हा मला स्टँडवरचा तो दिवस आठवला. हैदराबादकडची गाडी थांबलेली आहे, तू खिडक्यांखालून शेंगा विकत चाललीस, आणि मी मोठी हुशारी करून एका माणसाच्या मांडीवर ओंजळभर उकडलेल्या शेंगा टाकते, "घ्या, घ्या, खाऊन तरी बघा" म्हणून. तू गाडी जाऊ देतेस. मग माझं मनगट धरून म्हणतेस, "शेंगा इकायलीस का भीक मागायलीस?" मला तेव्हा दोन्हींतला फरक कळला नव्हता. आता कळला, तरी मी थांबले नाही. अंबाडीवर लिहिलं, कण्यांवर लिहिलं, कुणी ढुंकून बघितलं नाही. सर म्हणाले, "मॅडम, गोड-गोड न्हाई चालत तिथं. जरा टोचंल असं लिव्हा."

मी रक्तीवर लिहिलं. पण टोचावं म्हणून नाही, हे मात्र खरं. ब्लॉगवर तो लेख आधीच होता आणि मला तो सगळ्यांत जवळचा होता. बोकड कापला की तू पातेलीत मीठ टाकून रक्त आणायचीस, ते गोठायचं, मग उकडून, कुस्करून कांद्या-मिरचीवर परतायचीस. आणि त्या आधी उठून दार लावायचीस, कडी घालायचीस. आपण दुकानदाराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचो. उन्हाळ्यात पत्रा तापलेला, आत धूर कोंडलेला, घामानं आपण तिघं चिंब, आणि तू हळूच सांगतेस, "शाळंत कुणी इचारलं तर डाळ खाल्ली म्हणायचं." मी तिथं एवढंच लिहिलं होतं: माझी माय रक्ती दार लावून शिजवायची. चव अजून जिभेवर आहे. दार कामून लावायची, ते मात्र मोठेपणी कळलं.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी वर्गात असताना फोन सारखा थरथरायला लागला. तास संपल्यावर बघितलं तर माझ्या ओळींवर माणसं तुटून पडलेली. छी. थू. राक्षस. सकाळी सकाळी काय वाचायला लावता. एकानं तुझ्या फोटोला राक्षसाचे दात चिकटवलेले, ओठांवरून रक्त. दुसऱ्यानं विचारलेलं, ही बाई शेंगा विकते, हिच्या हातचं कोण कोण खाऊन आलंय? माय, तू कधीकाळी विकलेल्या शेंगांची आज लोकांना ओकारी आली. आणि हे कमी म्हणून की काय, दुसरी टोळी आली, कौतुकवाली. किती धाडसी, किती अस्सल, किती मातीतलं. एका बाईनं लिहिलं, तुम्ही चूल मांडून, नऊवारी नेसून हे करून दाखवाल का, आम्ही व्हिडिओ काढू, दार लावतानाचाही घेऊ. खरं सांगते, मला त्या थू म्हणणाऱ्यांपेक्षा हिची जास्त शिसारी आली. थुंकणारा निदान लांबून थुंकत होता.

एवढी गर्दी आली कुठून, हे मी शोधत मागं गेले. सरांनी माझ्या ओळी आपल्या खात्यावरून पुढं पाठवल्या होत्या. वर एक शब्दसुद्धा लिहिलेला नव्हता. नुसतं उलटी करणारं हिरवं तोंड लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांच्यापुढं फोन धरला. "सर, हे तुम्ही लावलंत?"

"मॅडम, ते गंमत म्हणून. मनाला लावून घेऊ नका."

"माझ्या आईचा फोटो आहे त्यावर."

"तुम्हाला गर्दी पाहिजे होती, आली का न्हाई? सांगा बरं." ते हसले. सगळे आपापल्या चहाकडं बघत होते. मी फोन खाली ठेवला. डबा उघडला, अंबाडीच होती, आणि रोजच्या सवयीनं तो त्यांच्याकडं सरकवला. त्यांचा हात निम्म्यापर्यंत आला आणि थांबला. "आज पोट बरं न्हाई," म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचं पोट बरं झालेलं नाही. ते आता खिडकीपाशी बसून जेवतात.

इथवरचं मी गिळलं असतं. पण त्या आठवड्यात कलबुर्गीहून धाकट्याचा फोन आला. तो तिथं कारखान्यात सुपरवायझर आहे, बायको आणि लेकीला घेऊन भाड्याच्या घरात राहतो. वर घरमालकीण, खाली हे. किती वर्षं झाली, तक्रार नाही. घरमालकिणीच्या मुलानं फोनवर तो दात चिकटवलेला फोटो बघितला आणि आईला दाखवला, की हा तर खालच्यांच्या भिंतीवरचा फोटो.

"अक्का," धाकटा म्हणाला, "घर सोडा म्हणायलेत."

"कुणी सांगितलं? काय म्हणून?"

"पोराचं लगीन ठरायलंय, घर आम्हालाच लागतंय, असं म्हणायलेत. लगीन कसलं, पोरगं अजून कॉलेजात हाय." मग म्हणाला, "कामून लिव्हलीस गं?"

मी रविवारच्या गाडीनं कलबुर्गीला गेले. घरमालकीण अंगणातच भेटली. हळदीकुंकवाला मीही कितीदा त्यांच्याकडं गेलेली. हसून म्हणाल्या, "बन्री, ऊटा आतेन्री?" या, जेवण झालं का, असं. मी म्हटलं, अम्मा, काय लिहायचं ते मी लिहिलं, त्याची शिक्षा माझ्या भावाला कशाला? त्यांनी दोन्ही कानांना हात लावला. छे छे, तसं काही मनात नाही, तुम्ही चांगली माणसं, पण मुलाचं लग्न. पुन्हा तेच लग्न. बोलताना त्या एक एक पायरी वर सरकत होत्या, शेवटी दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, पाणी घेणार का? मी नको म्हटलं. त्यांनीही आणलं नाही.

खाली धाकट्याची बायको भांडी कागदात गुंडाळत होती. मला वाटलं, ही आता मला बोलणार. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं गं."

ती म्हणाली, "अक्का, दर संक्रांतीला मी वर शेंगापोळ्या द्यायची. त्या धुणंवाल्या बाईला जायच्या. ती बाईच मला सांगायची, तुमच्या पोळ्या लई चांगल्या असतात म्हणून. मला आधीपासून ठाऊक होतं."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"बोलून? घर पाहिजे होतं की."

धाकटा भिंतीवरचा तुझा फोटो काढत होता. मी म्हटलं, मी ते लिहिलेलं पुसून टाकते, आत्ताच्या आत्ता. तो खुर्चीवर उभा राहून तुझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, "आता पुसून काय करतीस. राहू दे. खोटं तर काय लिव्हलीस?" त्याच्या आवाजात राग होता, पण तो माझ्यावर होता का, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांना आता शहराबाहेर, आपल्याच लोकांच्या वस्तीत घर मिळालं आहे. लेकीला कॉलेज लांब पडतं. मला मात्र तुझ्या त्या दुकानदाराच्या मागच्या खोलीचा विचार येत राहतो. तू कडी घालून आम्हाला तिथं टिकवलंस, आणि मी ती कडी लोकांना दाखवली. मला तुझाही राग येतो, माय. डाळ खाल्ली म्हणून सांगा, असं तू आम्हाला शिकवलंस, आणि ते मी इतकं नीट शिकले की शाळेत कुणी न विचारताही डाळ म्हणायची. मग वाटतं, तू तरी दुसरं काय करणार होतीस.

ते खातं मी बंद केलं नाही, नुसतं उघडायचं सोडलं. एवढ्या हजारो माणसांनी तुझ्यावर तोंड टाकलं, त्यातली ब्लॉगवर येऊन लेख वाचणारी फार थोडी. ज्यासाठी गेले होते ते झालंच नाही. त्या थोड्यांत औरादकडची एक बाई होती. तिनं ना थू केलं, ना कौतुक. खाली साधं विचारलं होतं, "आमची आई रक्तीत हरभऱ्याची डाळ घालायची. तुमच्यात घालतात का? घालत असाल तर आधी का नंतर?" त्या सगळ्या घाणीत तेवढा एकच प्रश्न माणसानं माणसाला विचारावा तसा होता.

मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. मला माहीतच नाही. तू गेल्यापासून मी रक्ती केलेली नाही, माय, एकदाही नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी जिन्याकडं उघडते, आणि त्या जिन्यानं सगळी बिल्डिंग ये-जा करते.