आत्ताचं माप

दादा,

"माझ्या बहिणीला आमच्याकडे पाठवा, शिवणकाम आता पुरे," असं तुम्ही फोनवर म्हणालात. मी नुसतं "बघू" म्हटलं. खरं उत्तर इथे लिहितेय.

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये तिचा उजवा स्तन काढला, तेव्हापासून त्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा. म्हणून दुकानातली दोऱ्याची रिळं मी रोज एकेक खिळा वर लावत गेले. "मैत्रीण आहेस की सासू?" म्हणून ती माझ्यावर ओरडायची. ओरडायची, पण रीळ काढायचीच.

काल मी तिच्यासाठी ब्लाउज शिवला. जुन्याच मापाचा, एका बाजूला आतून कापूस भरून. तिने तो माझ्यासमोर उसवला, कापूस माझ्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन उभी राहिली.

"शिंपीण म्हणवतेस ना? मग आत्ताचं माप घे."

मी टेप घेतली आणि नव्याने माप घेतलं, दादा. शेवटचा आकडा लिहून होईपर्यंत तिचे हात वरच होते.

ती येणार नाही. पण ते तुम्हाला तिनेच सांगायचं, म्हणून हे पत्र मी टाकत नाही.

तिच्या शेजारच्या मशीनवरची