कोंबड्याचा तुरा

३ फेब्रुवारी
चॅनेलकडून आमच्या कार्टूनची टेप परत आली! कोंबड्याचा तुरा आभाळात पसरतो म्हणे. कॉम्प्युटरवर काय सुरेख दिसत होता—लालभडक, काठ स्वच्छ. टीव्हीवर तोच लाल शाई सांडल्यासारखा शेजारच्या निळ्यात शिरतो. टीव्हीला इतका भडक लाल झेपत नाही, उतरवूनच द्यावा लागतो. ठाऊक होतं मला. तरी मोह झाला.

घाईसाहेब (आमचे दिग्दर्शक, नाव मी ठेवलंय) ओरडले, "पुन्हा परत आली तर मालिका गेली. मग बसा सगळे घरी!"

४ फेब्रुवारी
ऑफिसचा टीव्ही नेमका आजच बंद पडला. घाईसाहेब म्हणतात, घरच्यावर बघ, लोक घरीच बघतात. आता कोंबडा रोज माझ्याबरोबर घरी.

५ फेब्रुवारी
आमच्या टीव्हीवर तर तुरा भयंकर पसरतोय. लाल उतरवला, तरी तेच. आई म्हणाली, "त्या कोंबड्यापायी जेवण गार झालं."

बाबा दिवसभर शाळेची व्हॅन चालवून दमलेले. तरी खुर्ची ओढून टीव्हीच्या अगदी नाकाशी बसले. "मस्त आहे गं! उगाच डोकं नको पिकवू." बाबांना माझं सगळंच मस्त वाटतं.

८ फेब्रुवारी
लाल आणखी उतरवला. काठ स्वच्छ, एकदाचा! टेप गेली.

१० फेब्रुवारी
चॅनेलच्या तपासनिसांचा फोन. "बाई, कोंबडा आजारी आहे का?" तुरा इतका फिका! हातापाया पडून परवापर्यंत मुदत मिळवली. घाईसाहेब भिंतीवरचं मालिकेचं पोस्टर उतरवायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

घरी येऊन टीव्ही तपासला. रंगाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं! गाढव मी—आधी टीव्ही नीट लावायचा, मग चित्र बघायचं, हा पहिला धडा. आईवर उगाच डाफरले. बाबा हळूच म्हणाले, "मी वाढवलं. टीव्ही जुना झालाय, हल्ली सगळं फिकं दाखवतो."

बटण मधोमध आणलं. चित्र झकास! बाबा म्हणाले, "बघ, गेला ना रंग?" मी हसले आणि तुऱ्याचा लाल पुन्हा चढवायला बसले.

१२ फेब्रुवारी
पास! घाईसाहेबांनी चक्क सगळ्यांना चहा पाजला.

येताना चौकात लाल दिव्याला थांबले आणि दिवा हिरवा झाला तरी तिथेच उभी राहिले. आमचा टीव्ही ठणठणीत आहे. फिकं टीव्ही दाखवत नाहीये.

घरी बाबांना सरळ विचारलं, सिग्नल दिसतो ना? आधी चिडले. मग मान खाली घालून म्हणाले, "दिवे पसरतात गं. पुढची गाडी थांबली की मी थांबतो."

१३ फेब्रुवारी, सकाळ
व्हॅनची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. बाबा घरभर शोधताहेत. आई म्हणतेय, "अहो लवकर, मुलं रस्त्यावर उभी असतील!"