तीन नंबरचा स्विच

ता. ९, शुक्रवार

चि. जावईबापूंस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुमच्या सासूबाईंचा गुडघा बरा आहे, म्हणजे त्या तसं म्हणतात.

परवा मुलीचा फोन आला. सोमवारी चौकशी समितीपुढे मी काय बोलावं ते तिने मला सांगितलं. वाक्यं तुमची होती; ‘मानवी चूक’ असं ती कधी म्हणत नाही. नोंदीत नाव माझं आहे, चार महिन्यांनी मी निवृत्तच होणार, तेव्हा बटण माझ्याकडून चुकून दाबलं गेलं, एवढं मी म्हणावं. तुमचं पद नवं आहे. बायकोच्या खांद्यावर बंदूक ठेवलीत. स्वतः फोन केला असता तर निदान शिव्या तरी थेट पोचल्या असत्या.

नाव माझं कसं आलं ते आठवत नसेल तर लिहितो. देखभालीचं सॉफ्टवेअर शिकवायला तुम्ही आमच्या कारखान्यात आलात. जेवणाच्या खोलीत पस्तीस माणसं, भिंतीवर पडदा. फिटर मला म्हणाला, जावई मास्तर झाले, आता सासऱ्याने अंगठे धरून उभं राहायचं. मी हसलो. मग तुम्ही माझी वही उचललीत. तेवीस वर्षांच्या दुरुस्त्यांची वही. चिमटीत धरून सगळ्यांना दाखवलीत आणि विचारलंत, ही हरवली तर कारखाना बंद ठेवायचा का? सगळे हसले. मी नाही.

झालेलं काम यादीतून कसं काढायचं हे दाखवायचं होतं. तो अधिकार फोरमनचा, म्हणून माझा पासवर्ड मागितलात. सरावाची वेगळी यादी नाही का, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘खोट्या उदाहरणांनी माणसं शिकत नाहीत, बाबा.’ आणि खरं काम उघडलंत: तीन नंबरच्या, माल वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा, दोरी ओढून पट्टा थांबवायचा स्विच बदलणे. ‘पूर्ण’ दाबलंत. ओळ हिरवी झाली आणि गेली. चहानंतर परत आणतो म्हणालात. चहानंतर मॅनेजर तुम्हाला जेवायला घेऊन गेले.

पाचव्या दिवशी पॅकिंगमधल्या एका बाईंची बाही पट्ट्यात अडकली. त्यांनी दोरी ओढली. शेजारणीनेही ओढली. पट्टा थांबला नाही. दोन बोटं गेली, उजव्या हाताची.

इथवरचं तुम्हाला सोयीचं नाही. पुढचं मला नाही.

तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी यादी पाहिली. ते काम त्यात नव्हतं. माझ्या वहीत होतं. इलेक्ट्रिशियन नवा स्विच घेऊन आला आणि म्हणाला, ‘बसवून टाकू?’

मी विचारलं, ‘पडद्यावर आहे का?’

‘नाही.’

‘मग नाही.’

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. शेवटी स्विच स्टोअरमध्ये परत ठेवून आला. वीस मिनिटांचं काम होतं. मला तुम्हाला तोंडघशी पडलेलं पाहायचं होतं. पट्टा अडेल, माल सांडेल, मॅनेजर तुम्हाला फोन करतील, एवढंच मी धरलं होतं. पुढचे दिवस मी रोज त्या पट्ट्याजवळून गेलो. त्या बाई मान वर करून विचारायच्या, कसं काय फोरमन. मी म्हणायचो, मजेत.

सोमवारी मी दोन्ही सांगणार आहे. बटण कुणी दाबलं आणि स्विच कुणी परत पाठवला. मी तुमच्यामागे लपणार नाही. माझ्यामागे तुम्हाला जागा नाही. तुमच्या नोकरीचं मला वाईट वाटतं असं लिहिणार होतो. वाटत नाही.

मुलीला खरं काहीच ठाऊक नाही. रविवारपर्यंत तुम्ही तिला तुमचं सांगा. मग माझंही सांगा, काही न गाळता. माझ्या तोंडून सांगायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा गुडघ्याविषयी बोलून फोन ठेवला.

ती मधे नसती तर हे पत्रही आलं नसतं.

तिचा बाप