पलीकडच्या डोहासाठी रॉड

३ सप्टेंबर
मासेमारीचा मोसम एक ऑक्टोबरला उघडतो. आजपासून नवा रॉड निवडायला घेतला. जुना एप्रिलमध्ये मोडला. कसा मोडला याची माझा मित्र क्लॅरी सगळ्या गोर गावात सांगत फिरतो ती हकिगत साफ चूक आहे. मी माताउरा नदीत पडलो नव्हतो. मधोमध उभा राहून प्रवाहाचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात जरा आडवा झालो. त्याने मला कॉलर धरून ओढलं हे खरं, पण मी उठण्याच्या बेतात होतोच. दोष रॉडचा. आठ फुटी रॉडवर माणसाला धड टेकताही येत नाही.

संकल्प: या खेपेला घाई नाही. तीस वर्षं लोकांच्या ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली. निम्मं गोर माझ्या हातून एकदा तरी नापास झालंय. घाईने काय होतं ते मला कोणी सांगायला नको.

८ सप्टेंबर
क्लॅरी आला होता. त्याचं घर विकलं गेलं. नोव्हेंबर संपताना मुलगी त्याला पर्थला नेणार, कायमचा. गुडघे पार गेलेत, एकटं राहणं आता होत नाही. चीज रोलचा तुकडा तोंडात कोंबत म्हणाला, सेल्विन, जायच्या आधी एकदा पलीकडच्या डोहावर जायचं, तू आणि मी. बाकी काही नको मला.

पलीकडचा डोह म्हणजे समोरच्या काठाला, विलोच्या झाडांखाली. वाटेत नदी. त्याला एकट्याला ती आता ओलांडता येत नाही. दोघांनी एकमेकांच्या पाठीमागून हात घालून पट्टे घट्ट धरायचे, ताकदीच्या माणसाने वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, राहायचं आणि जोडीने पाऊल टाकायचं. आम्ही दरवर्षी तसेच जातो. म्हटलं, जाऊ की, त्यात काय! फक्त रॉड ठरू दे.

कप बशीवर वाजत होता. चहा फार कडक झाला होता.

१५ सप्टेंबर
मासेमारीच्या दुकानात गेलो. मालक डूगल. त्याने विचारलं, पाच नंबर की सहा? पाच नंबर नाजूक, गळाची नकली माशी पाण्यावर अलगद उतरते. सहा नंबर वाऱ्याला पुरून उरतो. मी विचारलं, यातला तरंगतो कुठला? डूगल माझ्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, रॉड तरंगण्यासाठी नसतात. असली माणसं दुकानं चालवतात! पाच नंबर घेतला. बायको, नोएलीन, गाडीत बसून होती. म्हणाली, झालं ना आता? बायकांना वाटतं रॉड घेतला की झालं.

१ ऑक्टोबर
मोसम उघडला. गेलो नाही. लाइन, म्हणजे रॉडची दोरी, भडक पिवळी निघाली. आमचे ट्राउट मासे डोळ्याचे तिखट, पिवळी लाइन हवेत दिसली की पसार. मळकी हिरवी मागवली आहे. क्लॅरीने पुलावरून फोन केला. पाणी काचेसारखं आहे, मासे तळाशी मोजून घ्यावेत असे दिसतायत, ये लवकर. पिवळ्या लाइनचं सांगितलं. तर म्हणे, माझी घे. दुसऱ्याची लाइन वापरणं म्हणजे दुसऱ्याचा टूथब्रश वापरणं. तसं त्याला सांगितलं. तो हसला नाही.

१२ ऑक्टोबर
बुटांचा घोळ. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तळव्याचे बूट परदेशातून मागवले. शेवाळलेल्या गोट्यांवर त्यांच्यासारखी पकड दुसऱ्या कशाला नाही. क्लॅरीने खोकं उघडलं आणि कपाळाला हात लावला. अरे लेका, हे आपल्याकडे बंद आहेत! नमद्यात शेवाळ अडकतं, या नदीतलं त्या नदीत जातं. प्रत्येक पुलापाशी पाटी आहे ना?

आहे. मला पाटी तोंडपाठ आहे. मासेमारीच्या क्लबात त्या विषयावर भाषण मीच दिलं होतं. पण पकडीच्या नादात डोक्यातून गेलं. नोएलीनने विचारलं, तू मासे धरायला चाललायस की नदीचा तळ? बूट परत खोक्यात भरले.

२६ ऑक्टोबर
खिळेवाले रबरी बूट आले. काठी आली. पाणी लागताच आपोआप फुगणारं जाकीट आलं. सवय व्हावी म्हणून जाकीट घालून भाजीच्या वाफ्याला पाणी घालत होतो. पाइप निसटला, जाकीट फटकन फुगलं. दोन्ही हात बाजूला, मान ताठ. नळापर्यंत हात पोचेना. नोएलीन खिडकीतून बराच वेळ बघत होती, मग आली. म्हणजे जाकीट उत्तम चालतं. पण ते फुगवणारी गॅसची नळी एकदाच चालते, नवी यायला दोन आठवडे. जाकिटाशिवाय जाणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

९ नोव्हेंबर
नदीवर जाऊन आलो. क्लॅरी तयार होऊन, पट्टा आवळून, काठावर उभा. मला हात पुढे केला. त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की वायव्येचा वारा सुटलाय आणि रॉड पाच नंबरचा आहे. अशा वाऱ्यात सहाच हवा. परतलो. गाडीत क्लॅरी अवाक्षर बोलला नाही. तो कधी गप्प बसत नाही, झोपेतही बडबडतो. मला फार वाईट वाटलं. डूगलने पहिल्याच दिवशी सहा गळ्यात मारायला हवा होता.

१६ नोव्हेंबर
सहा नंबर घेतला. साडेनऊ फुटी. एवढ्या लांब रॉडने आपल्याच काठावरून काम भागतं. क्लॅरीला समजावून सांगितलं की मोठे मासे हल्ली अलीकडच्या काठाला असतात. तो म्हणाला, सेल्विन, अर्धा नोव्हेंबर संपला. मी तुझ्याकडे मासा मागितला नव्हता.

मग काय मागितलं होतं, हे विचारायचं राहून गेलं.

२३ नोव्हेंबर, पहाटे
आज नक्की. रॉड आहे, लाइन आहे, बूट, काठी, जाकीट आहे. वारा नाही. पाऊस नाही. दोनदा बाहेर जाऊन पाहिलं. झोप अशी लागलीच नाही. गादी बदलायला हवी.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ
नोएलीन थर्मास घेऊन बरोबर आली होती. खिळे खडकावर झिजू नयेत म्हणून मी बूट गाडीतच ठेवले होते. क्लॅरीने पाण्यात दोन पावलं टाकली आणि कोपर माझ्याकडे केला. म्हणाला, चल गड्या.

माशीची गाठ मला सैल वाटली. सोडली. परत बांधली. ती वाकडी आली. त्याला म्हटलं, एक मिनिट. दोरा माशीच्या छिद्रात जाईना. मला भीती वाटत होती. लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे? एप्रिलमध्ये पाणी नाकातोंडात गेलं तेव्हा वरची बाजू कुठली तेच कळत नव्हतं.

क्लॅरी तसाच उभा, कोपर पुढे करून. गुडघे दुखत असणार. मी मान वर केली नाही. मग गाडीचं दार वाजलं. नोएलीन दोन जोड मोजे चढवून माझे बूट घालत होती. त्याला म्हणाली, क्लॅरी, मी वरच्या अंगाला राहते, तू फक्त मला चिकटून चल. आयुष्यात ती नदीत उतरली नव्हती. दोघं एकमेकांचे पट्टे धरून, एकेक पाऊल टाकत पलीकडे गेली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंतही आलं नाही.

क्लॅरीला विलोखाली एक मासा लागला. त्याने तो हातात धरून मला दाखवला आणि सोडून दिला. मी टोपी हलवली. डोळ्यांत पाणी आलं. वारा अजिबात नव्हता.

परत आल्यावर क्लॅरी शेजारी धापकन बसला. विचारलं, झाली का रे गाठ? म्हटलं, होत आलीय. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. नोएलीनने चहा ओतला. तिघांनी घेतला.

३० नोव्हेंबर
सकाळी क्लॅरी पर्थला गेला. दुपारी एकटाच नदीवर गेलो, सगळं सामान घेऊन. बूट घातले, पट्टा आवळला. पाणी स्वच्छ, उथळ. समोर विलोखाली मासा वर येत होता. लाइन तपासली. गाठ ओढून पाहिली. रॉड हलवून पाहिला. कशातच काही कमी सापडेना. बराच वेळ शोधलं. मग घरी आलो.