जुनी गाडी आणि नवं गिऱ्हाईक

ता. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोललो तर सगळं घर ऐकतं, म्हणून कागदाला शरण आलोय. तुझ्या गावात एक जुनी स्पोर्ट्स कार विकायला निघाली आहे. टर्बो इंजिन, ताकद चारही चाकांना. कॉलेजात जिचा आवाज तोंडाने काढला म्हणून मला वर्गाबाहेर काढायचे, तीच ही. हसू नकोस. तीस वर्षं लोकांच्या दाढांत डोकं घालून बसलोय. आता एकदा तरी डोंगरातल्या वळणांवरून सुसाट जायचंय.

विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासण्यात तुझी हयात गेली. एवढी ही तपासून दे. तू नको म्हणालीस, तर पुन्हा नाव काढणार नाही. हिला अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या मायेवर आणि टॉर्चवर विसंबून,
तुझा दंतवैद्य


ता. ८ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

ह्यांनी तुम्हाला गुपचूप पत्र टाकलंय. पाकिटाला तिकीट लावायला मलाच सांगितलं, म्हणून कळलं.

वन्सं, गाडीत काहीतरी खोट काढा. तुमच्या शब्दाबाहेर हे जात नाहीत. कंबर अशी, की मोजे घालताना भिंत धरतात. त्या बुटक्या गाडीतून यांना बाहेर कोण ओढणार? आणि यांचा वेग तुम्हाला ठाऊक आहे. परवा एक ट्रॅक्टरवाला आम्हाला मागे टाकताना थांबला. बिचाऱ्याला वाटलं, आमची गाडी बंद पडलीय.

माझ्यासाठी एवढं खोटं बोलाच. आहे ती माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची भावजय


ता. १७ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं काम झालं, पण ते मी केलेलं नाही.

इंजिन रात्रभराचं थंड असताना सुरू करून बघायचं असतं. म्हणून तुझा नवरा इथे आल्यावर मालकाला न कळवता सकाळी दोघांनी जायचं ठरवलं. तर त्याने 'असं अचानक जाणं बरं दिसत नाही' म्हणून आदल्या दिवशीच कळवून ठेवलेलं! मी कपाळावर हात मारला. पण मालक सरळ माणूस निघाला. बॉनेट गार, म्हणजे इंजिन आधी तापवून ठेवलेलं नव्हतं. चारही टायर एकाच बनावटीचे, सारखेच झिजलेले; अशा गाडीला एखादाच टायर नवा घातला, तरी मधले गिअर कण्हायला लागतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून मैदानात गोल फिरवली, खालून चकार शब्द नाही. तुझ्यासाठी गाडीखाली आडवीसुद्धा झाले. खोट नाही गं बाई. तरी खोटं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालक म्हणाले, आता यांना चालवू द्या.

स्टिअरिंगवर तुझा नवरा, मालक शेजारी, मी मागच्या नावापुरत्या सीटवर घडी होऊन. मोकळा रस्ता, आणि काटा चाळिसाच्या पुढे सरकेना. मध्ये एक कुत्रं बसलं होतं. त्याचं अंग खाजवून होईपर्यंत आम्ही अदबीने थांबलो. शेवटी मालकांनी हात जोडले आणि म्हणाले, माफ करा, तुम्हाला मी गाडी देणार नाही. तुमच्याकडे ती गुदमरून मरेल.

यावर तुझा नवरा म्हणाला, बरोबर आहे तुमचं. वर आभारही मानले! घरी आल्यावर मात्र पाण्याचा पेला हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून होता.

तू सुटलीस. त्याला सांभाळ.

ताई


ता. २२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

सुटले कसली! आमच्या माणसाला नापास करणारा हा कोण टिकोजीराव? ह्यांच्या संथपणाला नावं ठेवायचा हक्क माझा आहे, इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून कमावलेला. मी त्या गृहस्थांना फोन लावला. म्हटलं, तीस वर्षांत यांच्या हातून एकाही पेशंटच्या गालाला ओरखडा उठलेला नाही. असा हात तुमच्या स्टिअरिंगला पुन्हा लाभायचा नाही. रविवारी आम्ही दोघं येतोय, फेरपरीक्षा घ्या. ते 'बरं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रोज सकाळी आमच्याच गाडीत घाटात सराव चालू आहे. मी 'दाबा, दाबा' म्हणते, हे 'चूळ भरा'च्या सुरात 'हो, हो' म्हणतात. पण काल एका वळणावर ह्यांनी खरंच दाबलं. मी किंचाळले. ह्यांनी घाबरून गाडी कडेला घेतली, माझा हात धरला आणि विचारलं, काय झालं?

मी म्हटलं, काही नाही. गाडी वळवा. ते वळण पुन्हा एकदा घ्या.

लोभ असू द्या. रविवारी जेवायला थांबू. किती वाजता पोचू, ते आता सांगता येत नाही.

तुमची भावजय