मुठीच्या तांदळाची पिशवी

गोंडपिपरी, १९९८

चि. अमर,

उशिरा लिहितोय, माफ कर. आधीची दोन पत्रं भीतीनं न पाठवता बायबलातच ठेवली.

बाया स्वयंपाकाआधी चर्चसाठी मूठभर तांदूळ काढतात. तीस वर्षं दर शनिवारी घरोघरी प्रार्थना करून मीच तो गोळा केला. त्या तांदळाची पिशवी, म्हणजे हे कामच, तुझ्यासाठी राखलं होतं. आता गुडघे चालत नाहीत.

तुझी बहीण रुपाली म्हणाली, "दादाची वाट पाहून पिशवी उंदरानं कुरतडली, बाबा. मले द्या." दिली.

पहिल्या फेरीहून परत येऊन म्हणते, "गोकुळाबाई इचारते, तांदूळ नेला, पण मनसारामभाऊची प्रार्थना कुठी हाय?"

आता ती तांदळासोबत घराघरातलं दुखणं सांगते, मी खाटेवर बसून एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. थकतो, पण शनिवारची वाट पाहतो.

तुला न विचारता पिशवी दिली. राग आला काय? लवकर कळव.

तुझा बाप,
मनसाराम