बाणातल्या णचा अँटेना

२ मार्च, सोमवार

टीव्ही आला. त्रेचाळीस इंची. दुकानाचा माणूस म्हणाला, काका, जोडून देतो, फुकट आहे. फुकटच असणार, त्याच लायकीची असते यांची जोडणी. खोकं आत घेतलं आणि त्याला बाहेरच ठेवलं. तो जिन्यात बूट घालत काहीतरी पुटपुटला. ऐकू आलं नाही, पण रोख कळला.

मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. शिकवायला कुणी मास्तर नव्हता. शब्दकोश आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका वाचून शिकलो. टीव्ही जोडणं म्हणजे काय अशी मोठी चीज आहे?

संकल्प : जुन्या टीव्हीवर साठेक वाहिन्या दिसत. उद्या संध्याकाळपर्यंत तेवढ्या, किंबहुना जास्त.

३ मार्च, मंगळवार. सायंकाळ

गच्चीवरच्या अँटेनाची वायर मागे खुपसली. मेनूची भाषा आपली ठेवली आणि पहिल्याच पडद्यावर डोक्यात तिडीक गेली. ‘वाहीन्या शोधा.’ ‘ही’ दीर्घ! पुढे प्रश्न : ‘अन्टेणा’ की ‘केबल’?

अन्टेणा. बाणातला ण. कुठल्या गाढवाच्या हातून सुटलं हे? असल्या शब्दावर बोट ठेवणं म्हणजे चुकीवर सही करणं. ‘केबल’ शुद्ध होतं. शिवाय गच्चीवरून टीव्हीपर्यंत येते ती केबलच. केबल निवडलं.

सात वाहिन्या सापडल्या. त्यातल्या दोन एकच आहेत.

ही मागे उभी होती. म्हणाली, अहो, आपला अँटेना आहे ना, मग केबल कशाला? मी वायर हातात धरून तिला दाखवली आणि विचारलं, ही काय सुतळी आहे? ती स्वयंपाकघरात निघून गेली. पटलेलं दिसतंय.

५ मार्च, गुरुवार

फेरशोध. सात. पुन्हा फेरशोध. सात. दोष प्रक्षेपण करणाऱ्यांचा आहे.

आज हिने बातमी दिली. गेल्या महिन्यात ती टीव्हीच्या स्टुडिओत जाऊन आली होती, ‘घरच्या घरी’ नावाच्या कार्यक्रमासाठी. भरतकामाचं काहीतरी असेल म्हणून मी खोलात शिरलो नव्हतो. येत्या पंधरा तारखेला, रविवारी सहा वाजता दाखवणार आहेत. एकतीस नंबरवर. काय दाखवलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, बघाल तेव्हा कळेल. जन्मात पहिल्यांदा टीव्हीवर दिसणार आहे, तेव्हा नखरा समजू शकतो.

एकतीस नंबर आपल्याकडे नाही. म्हणालो, उद्या आणतो. ती म्हणाली, मी बघू का? मी म्हणालो, बघ की, पंधरा तारखेला मनसोक्त बघ.

टीप : घाबरण्याचं कारण नाही. गेल्या महिन्यात मिक्सर मी उघडून बसवला तेव्हाही लगेच चालला नव्हता. दुसऱ्या दिवशी चालला. इस्त्रीचंही तेच. दुरुस्ती यंत्रात मुरायला एक रात्र लागते. हे कुठल्याही पुस्तिकेत छापलेलं नाही. हा माझा स्वतःचा शोध आहे.

७ मार्च, शनिवार

मुरली नाही. सात.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन. अर्धा तास बासरी ऐकवली. मग एक बाई आली. तिने विचारलं, सर, अँटेना सिलेक्ट केलंय की केबल? म्हणालो, केबल. तिने विचारलं, तुमच्याकडे केबल कनेक्शन आहे का? म्हणालो, बाई, कनेक्शनशिवाय टीव्ही लागेल का? ती म्हणाली, तसं नाही सर. म्हणालो, मग कसं, ते नंतर सांगा, आधी मेनूतल्या चुका लिहून घ्या. ‘वाहिन्या’मधला हि ऱ्हस्व, इथपर्यंत आलो आणि फोन कटला. पुन्हा लावला. माझा आवाज ऐकून कटला. यांच्या सगळ्या कारभारालाच बाणातला ण लागलाय.

८ मार्च, रविवार

साडू आला. सोबत मेहुणी. साडू टायर विकतो. त्याच्याकडे हाच टीव्ही आहे. आल्या आल्या सोफ्यावर पसरला आणि म्हणाला, काय साडूभाऊ, सातच चॅनेलं? आमच्याकडे एवढी येतात की बघायला माणसं कमी पडतात. चॅनेलं! हा शब्द उच्चारणाऱ्या माणसाला मी चहा पाजला.

म्हणाला, द्या इकडे रिमोट. मी रिमोट मांडीखाली घेतला. त्याने मांडीखाली हात घालायला कमी केलं नाही. मेहुणी हसून हसून लाल. हीसुद्धा हसली, पण तिचं हसणं फार लवकर संपलं.

निघताना मेहुणी म्हणाली, ताई, पंधरा तारखेला आमच्याकडेच ये, उगाच धोका नको. धोका? मी दारात उभं राहून सांगितलं, कार्यक्रम या घरात, या टीव्हीवर दिसेल, सगळ्यांनी साडेपाचला हजर राहायचं. ही म्हणाली, अहो, कशाला? मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द.

१० मार्च, मंगळवार

गच्चीवर गेलो. अँटेना उगवतीकडे वळवला, मग मावळतीकडे. त्याच खांबावर खालच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांचाही अँटेना आहे. त्यांचं चित्र गेलं. खिडकीतून ओरडले, अहो पंडित, खाली उतरा, नाहीतर मी वर येतो! म्हणालो, या. आले. पायजम्यात. निवृत्त होऊनही शिक्के मारायची सवय गेलेली नाही, बोलताना कठड्यावर मूठ आपटतात. त्यांनी त्यांचा अँटेना सरळ केला. माझ्याला हात लावायची हिंमत झाली नाही. बोलणं बंद. बरं झालं.

खाली येऊन शोध. सहा.

१२ मार्च, गुरुवार

बूस्टर आणून बसवला. सहा, पण ठळक.

कंपनीला चार पानी पत्र धाडलं, विषय : ‘ण’.

ही आज भांडी पुसताना म्हणाली, या वेळी मी हात लावणार नाही, अजिबात नाही, ठरवलंय मी. एवढा विश्वास तिने आजवर उघड बोलून दाखवला नव्हता.

१४ मार्च, शनिवार

खिडकीच्या चौकटीला भोक पाडून नवी वायर घेतली. खिडकी आता लागत नाही. हवा खेळती राहील.

छापखान्यात मालक भडकला. एका बँकेच्या अहवालात ‘भागधारक’ऐवजी ‘भोगधारक’ छापून गेलंय. खाली सही माझी. हे पाप मी टीव्ही कंपनीच्या खात्यावर टाकतो. रोज ‘वाहीन्या’ बघून डोळा बाटतो माणसाचा.

उद्या रविवार. संकल्प : साडूला बसायला स्टूल द्यायचं.

१५ मार्च, रविवार. दुपार

चित्त स्थिर. हिने नवी साडी नेसली आहे. तीनदा आरशात पाहून आली. विचारलं, येईल ना हो? म्हणालो, येणार म्हणजे काय, यायलाच पाहिजे.

सायंकाळ

सगळे साडेपाचला आले. साडूने स्टूल बाजूला सारून सोफाच घेतला. सहाला पाच कमी. शोध सुरू. टक्के वाढत होते तसा मी शांतपणे समजावून सांगत होतो, लहरी म्हणजे काय, डिजिटल म्हणजे काय. शोध संपला. सहा.

साडूसुद्धा हसला नाही, हे विशेष झोंबलं. ही उठली, चपला घातल्या. साडूचं घर पुढच्याच गल्लीत. पळत गेले तर सुरुवात चुकणार, शेवट मिळणार. दारातून तिने विचारलं, येताय का? म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, आता सापडतंय. साडीचा पदर दारात अडकला, तो तिने हिसकून सोडवला.

एका वाहिनीवर एक माणूस गादीचे फायदे सांगत होता. शेवटपर्यंत पाहिला. मुद्देसूद बोलला.

१६ मार्च, सोमवार

काहीतरी शिजतंय. दूधवाला हसला. छापखान्यात मालक, जो परवा माझ्यावर फायली फेकत होता, तो म्हणाला, वहिनी जोरात हो! कशात, ते सांगेना. नुसते खांदे हलवत होता.

शेवटी जिन्यात पोस्टमास्तर. बोलणं त्यांनी आपणहून सुरू केलं, यावरूनच ओळखायला हवं होतं. म्हणाले, काय हात आहे हो तुमच्या मंडळींचा! बंद मिक्सर उघडला, मोटरमधले ब्रश का काय ते बदलले आणि चालू करून दाखवला, सगळ्यांसमक्ष. विचारलं, भरतकाम नव्हतं? म्हणाले, कसलं भरतकाम! त्या निवेदिकेने विचारलं, हे शिकलात कुठे? तर म्हणाल्या, आमच्याकडे प्रत्येक वस्तू दोनदा दुरुस्त होते. एकदा हे करतात, मग मी करते.

आणि पोस्टमास्तरांनी स्टुडिओतल्या टाळ्या वाजवून दाखवल्या. पूर्ण. कठड्यासकट.

वाक्यात दोष शोधत घरी आलो. दोष नाही.



१७ मार्च, मंगळवार

सकाळी उठलो तर चौसष्ट वाहिन्या. एकतीस नंबर लख्ख. मुरली! उशिरा का होईना, मुरली.

तेवढ्यात ही म्हणाली, मीच केलं, गच्चीवर जाऊन अँटेना सरळ केला, तुमचा बूस्टर काढून ठेवला आणि ते अन्टेणा दाबलं. मी म्हणालो, अगं, पण ते चुकीचं लिहिलंय! ती म्हणाली, हो. लिहिलंय चुकीचं, चालतंय बरोबर. तुमचं उलट.

छापखान्यात लवकर गेलो.

१८ मार्च, बुधवार. दुपार

घात. लोकाग्रहास्तव कार्यक्रम आज पुन्हा. सहा वाजता, एकतीस नंबर. साडू, मेहुणी, पोस्टमास्तर आणि छापखान्याचा मालक सपत्नीक, सगळे आमच्याकडे येणार. आमचा पडदा स्वच्छ दिसतो म्हणे. आमंत्रणं हिने दिली. मला विचारलं नाही.

अर्धी रजा टाकून आलो. ही बाजारात गेली आहे. संकल्प : एकतीस नंबर घालवायचा. बाकी त्रेसष्ट राहू देत, माझं कुणाशी वैर नाही.

चार वाजता

पुन्हा ‘केबल’ निवडायला गेलो. पडदा सांकेतिक आकडा मागतो. हिने कुलूप घातलंय. माझी जन्मतारीख टाकली. ‘चूकीचा आकडा.’ चू दीर्घ. लग्नाची तारीख टाकली. तीही चूकीची.

पावणेपाच

वायर उपटली. ती येऊन एका झटक्यात खोचेल, हे लक्षात आल्यावर पुन्हा लावली. चित्र पहिल्यापेक्षा स्वच्छ आलं.

साडेपाचला दहा कमी

ही आली. पिशव्या ठेवल्या, खुर्च्या मांडते आहे. जिन्यात साडूचा आवाज, म्हणतोय, आज पुढची जागा माझी. माझ्याजवळचे सगळे उपाय संपले.

एखादी वाहिनी कशी घालवायची, हे हिलाच विचारून येतो.